जत्रेतलं कुस्ती मैदान पुन्हा भरवायचंय: हौदा, जोडी, इनाम, पंच हे सगळं कसं बसवायचं?

यात्राकमिटी_वाळवा

राम राम मंडळी. गाव वाळवा तालुक्यात, सहाशे उंबऱ्यांचं. चैत्रातल्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचं मैदान भरायचं, ते २०१९ नंतर बंद आहे. यंदा पुन्हा भरवायचं ठरलंय. जाणती माणसं गावात आहेत, पण सगळा कारभार तोंडी चालायचा, कागदावर काहीच नाही. म्हणून थेट विचारतो.

जागा शाळेमागच्या गायरानात आहे, जमीन काळवट. हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, केवढा करावा, माती कुठली आणि किती लागेल? जोडी आधी ठरवून पत्रकात छापाव्यात की मैदानातच लावाव्यात? वर्गणी तीन लाख चाळीस हजारांच्या आसपास जमेल. कमिटीतल्या निम्म्या लोकांचं म्हणणं आहे की दीड-दोन लाख एकाच मोठ्या नावावर घाला, गर्दी आपोआप लोटेल. हे कितपत बरोबर? आणि मुख्य म्हणजे निकालावरून होणारी भांडणं. मागचं मैदान त्यातच मोडलं. पंच, नियम, पैसे देण्याची पद्धत, ज्याला जे ठाऊक असेल ते सविस्तर सांगा.

---

लालमाती

मातीपासून सुरुवात करा. जत्रेच्या आदल्या आठवड्यात मातीची आठवण होते आणि मग मिळेल ती ट्रॉली ओतली जाते.

काळ्या रानावर सरळ नांगर घालून कुस्ती लावू नका. काळी माती ओली झाली की अंगाला चिकटते, वाळली की ढेकळं टणक होतात आणि कोपर-गुडघे सोलून निघतात. दुसरी चूक म्हणजे टणक जमिनीवर चार बोटं तांबडी माती पसरून मोकळं होणं. दिसायला मैदान लाल दिसतं, पण ढाक किंवा कलाजंग असा उचलून टाकायचा डाव बसला की वरून येणारा गडी खालच्या थरावर आपटतो. मोकळी माती किमान फूटभर खोल हवी.

तुमच्या गावाला ३० बाय ३० फुटांचा हौदा पुरे. ३० × ३० × १ म्हणजे ९०० घनफूट, म्हणजे ९ ब्रास. माती दबते, चाळण्यात खडे जातात, म्हणून ११ ब्रास धरा. ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण एका ब्रासची असते, तेव्हा अकरा खेपा. सहा इंच जमीन उकरून बाहेर काढा आणि वर फूटभर भरा, म्हणजे हौदा आजूबाजूपेक्षा सहा इंच उंच राहील आणि मागच्या माणसालाही दिसेल. कडेला विटा किंवा दगड लावून चौकट करू नका, गडी ढकलला गेला की पाठ नेमकी त्यावरच पडते. मातीचाच दोन-तीन फुटांचा उतार सोडा. हौद्याच्या कडेपासून दहा फुटांत बल्ली, खांब, स्पीकरचा स्टँड काही नको.

तांबडी माती तुम्हाला पन्हाळा-शाहूवाडीच्या बाजूची मिळेल. माती गौण खनिजात धरतात, तिची परवानगी तहसीलमधून आधी घ्या. जत्रेच्या तोंडावर रस्त्यात ट्रॉली अडली की दोन दिवस जातात. माती पाव इंची जाळीतून चाळा. फार चिकण निघाली तर दुसरी आणा, वाळू मिसळून भागवू नका. वाळूनं कातडी सोलते आणि त्या जखमा आठवडाभर चिघळतात.

कामाचा क्रम असा ठेवा. पंधरा दिवस आधी माती पडली पाहिजे. मग चाळणं आणि भरणं. साधारण आठवडाभर आधी ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घाला. प्रमाण तालमीगणिक बदलतं. एवढ्या मातीला हळद १० किलो, गोडं तेल पंधरा किलोचा एक डबा, ताक ५०-६० लिटर, लिंबं दोन-अडीचशे एवढं पुष्कळ झालं. तेलानं धूळ बसते आणि माती मऊ राहते. ताक शेवटच्या तीन दिवसांत ओतू नका, उन्हात आंबून वास सुटतो आणि माश्या येतात. दूध-तूप ओतण्याची हौस असेल तर त्या पैशांत पोरांना पाजा.

त्यानंतर दर दिवसाआड कुदळीनं खालवर करायचं. रोटाव्हेटर एकदाच फिरवा. जास्त फिरवला तर मातीचं पीठ होतं आणि मैदानात धुरळा उडतो. फिरवल्यावर त्याची पाती आणि पिना मोजून घ्या. एखादी पिन मातीत राहिली तर ती सापडते ती कुणाच्या तरी बरगडीत. जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून हौदाभर ओढलं तर खिळे, तारा, बाटल्यांची झाकणं निघतात. शेवटचे चार दिवस गावातली पोरं त्यावर खेळवा, म्हणजे माती बसते आणि खडे कुठे राहिलेत ते कळतं.

ओल तपासायची साधी रीत आहे. मूठभर माती दाबा, गोळा झाला पाहिजे. कमरेएवढ्या उंचीवरून सोडा, फुटला पाहिजे. गोळाच होत नसेल तर कोरडी, डोळ्यांत आणि छातीत जाणार. पडूनही फुटत नसेल तर ओली, पाय घसरणार. पाणी आदल्या संध्याकाळी द्या आणि सकाळी फक्त झारीनं शिंपडा. टँकरचा पाइप सोडला की एका कोपऱ्यात चिखल होतो आणि पुढच्या सगळ्या कुस्त्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकतात. चैत्र-वैशाखात वळिवाचा भरवसा नाही, तेव्हा ४० बाय ४० ची ताडपत्री आणि भोवतीनं वीतभर खोल चर ठेवाच.

जाता जाता बसण्याचं. शाहू महाराजांनी बांधलेलं कोल्हापूरचं खासबाग मैदान १९१२ चं. तिथं प्रेक्षक चारी बाजूंनी उतारावर बसतात, त्यामुळे कुणाचं डोकं कुणाच्या आड येत नाही. तुमच्या गायरानाला ओढ्याच्या किंवा टेकाच्या बाजूला उतार असेल तर हौदा तिथं पायथ्याला घ्या. सपाटीवर घेतलात तर पुढच्या चार रांगा जमिनीवर बसवा, खुर्च्या फक्त मागं. पुढं पाहुण्यांचे सोफे मांडले की मागची माणसं उभी राहतात, आणि एकदा उभी राहिली की पुन्हा बसत नाहीत.

---

जोड_लावणारा

मातीचं वर आलंय, मी जोडी आणि वेळेबद्दल लिहितो. कारण मैदान बिघडतं ते बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी.

वरच्या पंधरा कुस्त्या आधी ठरवून पत्रकात छापा. बाकीच्या मैदानात लावा, पण दुपारी बारा ते दोन या वेळात, टेबल मांडून आणि वजन करून. नुसतं शेजारी उभं करून, दंडाला हात लावून जोड लावायची जुनी पद्धत चालत आली आहे. वस्तादाची नजर असेल तर ती चालतेही. पण पोरं दीडशे आली की नजर दमते आणि मग ‘आमच्या पोराला मुद्दाम जड गडी दिला’ सुरू होतं. दूध डेअरीतला इलेक्ट्रॉनिक काटा एका दुपारपुरता मागून आणा. त्यावर चौकोनी फळी टाकली की पोरगं उभं राहतं.

लहान पोरांत फरक दोन किलोपेक्षा जास्त नको. ५० ते ७० किलोत तीन-चार किलो चालतं. त्यावर पाच. वजनाबरोबर तालमीत किती वर्षं झाली तेही विचारा. दोन महिने झालेला ४५ किलोचा पोरगा आणि चार वर्षं खेळलेला ४५ किलोचा पोरगा ही जोड होत नाही. एकाच तालमीची दोन पोरं एकमेकांवर सोडू नका. कागदावर पाच रकाने पुरतात: नाव, गाव, तालीम, वजन, किती वर्षं. जोड लागली की दोघांच्या मनगटावर मार्करनं तोच नंबर लिहा. निवेदक नंबर पुकारतो, पोरं शोधत फिरावं लागत नाही.

आता वेळ. हिशेब असा धरा:

लहान ६० कुस्त्या, एकावेळी चार जोडी हौद्यात. पंधरा फेऱ्या, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे ७५ मिनिटं. मधल्या २० कुस्त्या दोन-दोन लावल्या तर दहा फेऱ्या, सात मिनिटांच्या, ७०. त्यावरच्या १२ कुस्त्या दोन-दोन, सहा फेऱ्या, दहा मिनिटांच्या, ६०. शेवटच्या तीन एकेक, वीस मिनिटं धरून ६०. एकूण २६५ मिनिटं. तीनला पहिली सलामी झाली तर सात वाजून पंचवीस मिनिटांनी शेवटची सुटते. सत्काराला अर्धा तास. आठला मैदान रिकामं.

हा हिशेब मोडतो तो फक्त सत्कारात. एका सत्काराला फेटा, नारळ, शाल आणि फोटो मिळून तीन मिनिटं जातात. चाळीस सत्कार म्हणजे दोन तास, आणि मग एक नंबरचा गडी अंग गार करून रात्री साडेनऊला उतरतो. यादी दहा जणांवर बंद करा आणि ती यादी जत्रेआधी ग्रामसभेत वाचा. कुणाचं नाव गळलं याचा वाद तेव्हाच होऊ द्या, मैदानात नको.

नारळावरच्या कुस्त्या, म्हणजे अगदी लहान पोरांच्या, सगळ्यात आधी घ्या. त्यांच्या घरचे लोक तेवढ्यासाठीच येतात आणि आले की थांबतात. बाहेरच्या मोठ्या नावाबद्दल माझं मत विचाराल तर नको. दोन-अडीच लाखांचा गडी येतो, दहा मिनिटांत उरकतो, गाडीत बसतो. पुढच्या वर्षी त्या रकमेच्या खाली गेलात की लोक म्हणतात मैदान उतरलं. पंचक्रोशीतल्या दोन तालमींचे, एकमेकांना ओळखणारे, बरोबरीचे गडी लावा. गर्दी त्यालाच येते, कारण दोन्ही गावं येतात.

पैलवान ठरवताना तारीख शेजारच्या गावांशी ताडून बघा. चैत्रात एकाच दिवशी तीन मैदानं असतात आणि गडी दोन्हीकडे शब्द देऊन बसतो. वरच्या तीन जोडींना प्रत्येकी एक राखीव गडी ठेवा आणि त्याला ते स्पष्ट सांगून ठेवा. आणि हो, दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे मटणाची जेवणं असणार. बाहेरून आलेल्या मल्लांचं जेवण मैदानानंतर ठेवा. दुपारी पाहुणचार झाला की चार वाजता भरल्या पोटी लढणं जमत नाही.

---

जमाखर्च

३,४०,००० मध्ये बसणारा आराखडा देतो. आपापल्या भागाच्या दरानं फिरवून घ्या.

इनामं: एक नंबर ५०,०००, दोन नंबर ३०,०००, तीन नंबर २०,०००. बारा कुस्त्या प्रत्येकी ३,०००, म्हणजे ३६,०००. वीस कुस्त्या प्रत्येकी १,०००, म्हणजे २०,०००. लहान साठ जोडी प्रत्येकी २००, त्यात जिंकणाऱ्याला १५० आणि हरणाऱ्याला ५०, असे १२,०००. एकूण १,६८,०००.

बाकी खर्च: माती, वाहतूक, मजुरी, हळद-तेल मिळून ४०,०००. मंडप, स्पीकर, दिवे, जनरेटर ४५,०००. हलगी-घुमकं-कैताळ ही वाद्यं आणि निवेदक २०,०००. पंच १२,०००. जेवण, पाणी २५,०००. वैद्यकीय ८,०००. पत्रकं, पावती पुस्तकं ७,०००. एकूण १,५७,०००.

दोन्ही मिळून ३,२५,०००, हातात १५,०००. म्हणजे जवळजवळ निम्मा पैसा इनामाशिवायच्या गोष्टींवर जातो. हे कमिटीतल्या ‘दोन लाखांचा गडी आणा’ म्हणणाऱ्यांना मांडून दाखवा. दोन लाख तिकडं गेले तर ९४ जोडींचं काय, याचं उत्तर त्यांनी द्यावं.

वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्या, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली. गणेश मंडळं घेतात तीच. पावती पुस्तकांना अनुक्रमांक हवेत, आणि कुणाकडे कुठलं पुस्तक गेलं ते एका वहीत सहीनिशी. मुंबई-पुण्याला असलेल्या गावकऱ्यांची वर्गणी थेट खात्यावर मागवा, हातोहात आलेली रक्कम नेहमी कुठंतरी ‘नंतर देतो’ होते.

‘अमुक यांच्याकडून दहा हजार’ असं पुकारून पैसे न देणारे प्रत्येक गावात असतात. त्यावर उपाय एकच. पत्रकात नाव छापायच्या आधी रक्कम जमा. छपाईच्या आदल्या संध्याकाळी सात वाजता यादी बंद.

इनाम मैदानातच द्या. पाकिटं आदल्या रात्री भरून त्यावर कुस्तीचा नंबर टाका, पेटी दोघांच्या ताब्यात. प्रेक्षक खूश होऊन शंभर-पाचशे देतात, ती प्रथा चांगली आहे, पण हौद्यात उतरून देऊ देऊ नका. निवेदकाच्या टेबलावर द्यायचे, नाव पुकारलं जाईल, पैसे त्या गड्याच्या पाकिटात पडतील. नाहीतर एका कुस्तीनंतर चाळीस माणसं मातीत उतरतात, चपला घालून.

हिशेब जत्रेनंतर आठ दिवसांत देवळाच्या भिंतीला. खर्चासकट.

---

पंच_शिट्टी

भांडणाचं मूळ पंचांच्या निर्णयात कमी आणि निर्णयाचा नियम आधी न सांगण्यात जास्त असतं. मातीवरची परंपरा निकाली कुस्तीची: दोन्ही खवे, म्हणजे खांद्यांची मागची बाजू, जमिनीला टेकले की चितपट, गुण नाहीत. हे ऐकायला सरळ वाटतं. पण अंधार पडत असतो, दोघंही चिवट असतात, खडाखडीत, म्हणजे नुसती ताकद आजमावण्यातच, वीस मिनिटं जातात, आणि कमिटी कुठल्या तरी क्षणी उठून बरोबरीत सोडवते. तिथं बाटल्या फेकल्या जातात.

पत्रकावर आणि माइकवर हे छापील वाचून दाखवा:

लहान आणि मधल्या कुस्त्या ठरल्या वेळेत चितपट झाल्या नाहीत तर बरोबरी, इनाम निम्मं-निम्मं. वरच्या पंधरा कुस्त्या आधी चितपटीवर, वेळ संपली की तीन मिनिटं गुणांवर. त्या तीन मिनिटांत पहिला गुण घेणारा विजयी. गुण कशाला, तेही सांगा: समोरच्याला खाली घेऊन मागून ताबा मिळवला, किंवा पाठ मातीकडे वळवली. हौद्याबाहेर गेले तर शिट्टी, पुन्हा मधोमध उभ्यानं. ताबा घेतलेला गडी बाहेर ओढला गेला तर मधे आणून त्याच पकडीत बसवायचं, हेही आधी सांगा. सगळ्यात जास्त आरडाओरड याच मुद्द्यावर होते.

मोठ्या कुस्तीला दोन पंच हवेत, एक डोक्याकडे, एक पायाकडे. खवे टेकले की नाही हे एका बाजूनं कधीच नीट दिसत नाही. दोघांचं जुळलं नाही तर टेबलावरचा तिसरा ठरवतो. तिघंही त्या दोन्ही तालमींचे नकोत, आणि शक्यतो तुमच्या गावचेही नकोत. मोबाइलवरचं चित्रण निर्णयाला धरायचं की नाही तेही आधी ठरवा. माझा सल्ला, धरू नका. गर्दीतले दहा मोबाइल दहा कोनांतून दहा निकाल दाखवतात.

नुरा कुस्तीबद्दल. दोघांनी आपसांत ठरवून इनाम वाटून घेतलं की प्रेक्षकाला ते पाचव्या मिनिटाला कळतं. निकाल लागो न लागो रक्कम ठरलेली असेल तर नुरा होणारच. म्हणून एक नंबरला ५० हजार असतील तर बरोबरीत दोघांना मिळून २०, बाकीचे ३० पुढच्या वर्षीसाठी मागं. हे गड्यांना ठरवतानाच सांगा. वरच्या तीन कुस्त्यांसाठी हा वेगळा नियम, बाकीच्यांना निम्मं-निम्मंच.

हलगीवाल्याशी खूण ठरवून ठेवा. पंचानं दोन्ही हात वर केले की हलगी थांबली पाहिजे. गडी दुखावला की पंचाची शिट्टी हलगीखाली ऐकूच येत नाही.

दिवे चारी कोपऱ्यांवर हवेत. एकाच बाजूनं हॅलोजन मारला की पंचाला अर्धी कुस्ती सावलीत दिसते. रात्री दहानंतर स्पीकर बंद, हे कायद्यानंच आहे, पोलीस परवानगीतही लिहिलेलं असतं.

---

मलमपट्टी

वैद्यकीय ८,००० ठेवलेत ते ठीक, पण त्यात काय घ्यायचं ते लिहितो.

१०८ ची रुग्णवाहिका मैदानावर उभी राहील असं गृहीत धरू नका, ती बोलावल्यावर येते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी कळवा, एक डॉक्टर आणि एक खासगी गाडी दिवसभर ठेवा. गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे, पुढं दुचाकी लावू द्यायच्या नाहीत.

मानेवर पडलेला गडी उठत नसेल, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा सांगत असेल तर त्याला कुणीही उचलायचं नाही, पाणी पाजायचं नाही, मान ‘मोकळी’ करायची नाही. डोकं दोन्ही हातांनी आहे त्या स्थितीत धरून ठेवायचं आणि पाठीची फळी आल्यावर चौघांनी एकदम वळवून घ्यायचं. फळी आरोग्य केंद्रातून आदल्या दिवशी आणा. खांदा निखळला तर मैदानात ओढून बसवणारे जाणकार पुढं येतात. त्यांना दूर ठेवा. हात झोळीत बांधा आणि एक्स-रेला पाठवा.

डोळ्यांत माती गेली तर चोळू नका, स्वच्छ पाणी वाहतं सोडा. त्यासाठी हौद्याजवळ वीस लिटरचे दोन जार. कान सुजला की सुई टोचून रक्त काढायची तालमीतली सवय बंद करा. डॉक्टरकडून एक-दोन दिवसांत काढून दाबपट्टी बांधली तर कान बऱ्याचदा वाचतो, घरच्या सुईनं पू होतो.

वजन घेतानाच प्रत्येकाचं अंग बघा. नायटा, गजकर्ण, ओली जखम, पुळ्या असतील तर त्या दिवशी उतरवू नका. एकाच मातीत आणि अंगाला अंग लागून हे सगळ्यांना पसरतं. नखं कापलेली, हातातलं कडं, अंगठी, गळ्यातला गंडा काढलेला. धनुर्वाताची सुई झाली आहे का ते विचारा, मातीचा खेळ आहे. साखर-मीठ-पाणी किंवा ओआरएस लहान पोरांच्या रांगेजवळ ठेवा. तीन वाजेपर्यंत उन्हात थांबून त्यांचं अर्धं अवसान तिथंच गेलेलं असतं.

---

यात्राकमिटी_वाळवा

हे सगळं छापून उद्याच्या बैठकीत ठेवतोय. दोन गोष्टी राहिल्या. गावातल्या पाच-सहा मुली शाळेच्या स्पर्धांत खेळतात, त्यांची कुस्ती या मैदानात लावायची का, आणि कशी? दुसरं, जत्रेनंतर तालीम उघडायची आहे. हौद ३० बाय ३० चा नाही, २० बाय २० चा आहे आणि पाच वर्षं त्यात सिमेंटची पोती होती, काही फुटलेली. काही जण म्हणतात माती सोडा, गादीच (मॅट) घ्या.

---

गादी_आणि_माती

मुलींच्या कुस्त्या लावा. २०२३ साली सांगलीत महिलांची महाराष्ट्र केसरी झाली आणि पहिली गदा तुमच्याच जिल्ह्यातल्या प्रतीक्षा बागडीनं घेतली, तेव्हा ‘आपल्याकडे चालत नाही’ हे म्हणायला आता फारसं कुणी उरलेलं नाही. मात्र त्या हौशी म्हणून मध्येच घुसडू नका. इनाम मुलांच्या त्याच वजनाइतकं, वेळ संध्याकाळी पाचची, जेव्हा मैदान भरलेलं असतं. कपडे बदलायला शाळेची खोली, आतून कडी असलेली. पंच किंवा निदान टेबलावर एक बाई हव्यात. पोशाख स्पर्धेचाच. मुलगी विरुद्ध मुलगा ही जोड गर्दीला आवडते म्हणून लावू नका, वजन तेच असलं तरी. जोडी पुऱ्या होण्यासाठी शेजारच्या तीन-चार शाळांना महिनाभर आधी कळवा.

गादीचा वाद जुना आहे. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, मातीत घडलेले. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीला कांस्यपदक घेतलं. पण त्या स्पर्धा गादीवरच्या, म्हणून गादीची सवय करावीच लागते. आजही महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग खेळतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी भिडतात. पण स्पर्धेची पूर्ण गादी १२ बाय १२ मीटरची असते, आतलं वर्तुळ ९ मीटरचं. म्हणजे ४० बाय ४० फुटांचा हॉल हवा. तुमच्या तालमीत ती मावणार नाही, आणि तुकडा कापून भिंतीला टेकवून अंथरली तर पोरं भिंतीवर आदळतात. शाळेचा हॉल असेल तर गादी तिथं, तालमीत माती. आठवड्यातून चार दिवस माती, दोन दिवस गादी, असं वाटून घ्या. उघड्या शेडमध्ये गादी ठेवू नका, उंदीर आणि ओल दोन पावसाळ्यांत तिचा चुरा करतात.

तालीम टिकते ती वस्तादावर. त्याचं मानधन जत्रेच्या उरलेल्या पैशांवर सोडू नका, ते दरमहा येईल अशी वेगळी सोय करा. पोरं सकाळी पाचला येतात, वस्ताद सातला आला तर महिन्याभरात दहाची चार होतात.

---

लालमाती

सिमेंटचं सांगतो, कारण ते कुणी धरलेलं नाही. फुटलेल्या पोत्यांचं सिमेंट मातीत मिसळलं असेल तर ती माती ताक-लिंबू घालून सुधारत नाही. घाम आणि सिमेंट एकत्र आलं की कातडी भाजते, आणि डोळ्यात गेलं तर इजा गंभीर होते. हौदातली माती सगळीच्या सगळी काढा, तळापर्यंत, आणि ती शेतात न टाकता रस्त्याच्या भरावाला द्या. भिंतींचे कोपरे, तळ ब्रशनं खरडून, झाडून, पाण्यानं दोनदा धुवा आणि आठ दिवस उघडं वाळू द्या. खिडक्या आहेत का बघा. कोंदट तालमीत माती बुरसते.

२० × २० × दीड फूट म्हणजे ६०० घनफूट, ६ ब्रास. मैदानातली ९ ब्रास दबलेली माती तुमच्याकडे तयारच असेल. मैदान संपल्यावर दोन-तीन दिवसांत ती उचला. वळीव झाला की खालच्या काळ्या रानाचा चिखल वर येतो आणि सगळंच वाया जातं. उचलताना तळाची तीन-चार इंच तिथंच सोडा, काळी माती मिसळलेली असते. उरलेली साधारण साडेसहा ब्रास पुन्हा एकदा चाळून, पुन्हा एकदा चुंबक फिरवून तालमीत भरा. मैदानाच्या दिवशी त्यात रेवड्या, नारळाच्या करवंट्या, सेफ्टी पिना, फेट्यांच्या टाचण्या काय काय पडलेलं असतं.

म्हणून अकराऐवजी बारा ट्रॉल्या घ्या. तालमीत वर्षाला अर्धा ब्रास तरी नवीन घालावा लागतो, अंगाला लागून माती बाहेर जातच असते.